वरच्या ओळीतली कस्तुराबाई

लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत त्या वेळी घरांच्या दोन ओळी होत्या. खालची ओळ खलाशी, फायरमन आणि सांधेवाल्यांची. तिथे एकेक खोली, वर पत्रा आणि बारा बिऱ्हाडांना मिळून एक नळ. वरची ओळ ड्रायव्हरांची. तिथे दोन खोल्या, कौलं, पुढे पडवी आणि ज्याच्या त्याच्या दारात नळ. दोन्ही ओळींमध्ये वीस-बावीस पायऱ्या होत्या, त्यापेक्षा जास्त नाही. पण कस्तुराबाईला खालच्या ओळीत राहायला येऊन सात वर्षं झाली होती आणि त्या पायऱ्या चढून कुणाकडे जाण्याचं कारण तिला एकदाही पडलं नव्हतं.

तिचं सासर कान्ह्याचं. घरची भातशेती, आणि ही सर्वांत धाकटी सून. आवणीच्या दिवसांत थोरल्या जावा बांधावर बसून रोपांच्या मुठी फेकायच्या आणि ही दिवसभर चिखलात वाकलेली. सासू लांबून ओरडायची, "कस्तुरे, कंबर काय मोडली का गं तुजी?" नवरा दत्तोबा रेल्वेत लागला तेव्हा ती एका शब्दानेही न रडता त्याच्यामागे निघाली. पोटी मूल नव्हतं. शाळा तिने बाहेरूनच पाहिली होती. पण एकदा डोळ्यांखालून गेलेली गोष्ट ती विसरत नसे. कुणाची गाय कधी व्याली, कुठल्या मालगाडीला किती वाघिणी होत्या, सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी असायचं. एवढं चांगलं डोकं, पण ते लावायला तिच्याजवळ दत्तोबाशिवाय दुसरं काही नव्हतं.

सव्वीस सालच्या दिवाळीनंतर एक दिवस दत्तोबा कामावरून आला आणि हातपाय न धुताच उंबऱ्यावर बसला.

"साहेबानं नाव घातलंय माजं. यार्डातल्या शंटिंगच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हनून."

कस्तुराबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मग तोंड का असं?"

"डोळं तपासनार हायती. लांबचं मला धूसर दिसतं, तुला ठावं हाय."

"किती लांबचं?"

"त्यो समोरचा खांब बघ."

"खांब दिसतो ना?"

"खांब दिसतो. वर कावळा बसला असंल तर त्यो न्हाई दिसत."

"कावळ्यांच्या अंगावर इंजिन घालायचंय का तुमाला?"

दत्तोबा हसला नाही. "कस्तुरे, फायरमन हाय त्यो बरा हाय मी. भट्टी काय, हातभर लांब असती."

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि सकाळी कामाला निघाली तेव्हा काय करायचं ते तिचं ठरलं होतं.

ती रेल्वेच्या डॉक्टरच्या बंगल्यात झाडलोट करायला जायची. डोळे तपासायचा तक्ता तिथल्याच एका खोलीत भिंतीवर लावलेला होता. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी, शेवटची ओळ मुंग्यांएवढी. अक्षरं इंग्रजी, आणि तिला तर मराठीही येत नव्हती. म्हणून तिने त्या आकारांना घरातली नावं दिली. फणी, बांगडी, शिडी, टिकाव, घोड्याचा नाल. रोज केर काढता काढता एक ओळ ती मनात भरून आणायची आणि संध्याकाळी चुलीतली राख जमिनीवर पसरून बोटाने काढायची. दत्तोबाला वाघिणींवरची अक्षरं पाहून पाहून त्यांची नावं माहीत होती.

"ही फनी."

"ई."

"ही बांगडी."

"ओ."

"आता डोळं मिटा अन् तिसरी ओळ म्हना."

पंधरा दिवस त्यांच्या खोलीत हेच चाललं होतं. शेजारच्या खोलीत सांधेवाला नसीर आणि त्याची बायको शमीम राहत. भिंत कुडाची होती. एकदा नसीरने पलीकडून विचारलं, "दत्तूभाऊ, भाबी तुला शाळेत घालतेय काय? छडी मारते का?" दत्तोबाने घाईने राखेवर हात फिरवला. कस्तुराबाईनेच हसून उत्तर दिलं, "मारते ना. तुमालाबी पायजे का?"

दत्तोबा तपासणीत पास झाला. डॉक्टर म्हणाला, असे डोळे घाटात क्वचितच पाहायला मिळतात.

त्या वीस पायऱ्या कस्तुराबाई चढली तेव्हा डोक्यावर गाठोडं होतं आणि मागून नसीर आणि शमीम ट्रंक उचलून येत होते. वर पोचल्यावर तिने आधी नळ सोडून पाहिला. पाणी येत होतं. तिने तो बंद केला, पुन्हा सोडला. शमीम हसायला लागली. "बस कर भाबी, टाकी रिकामी होईल."

तिने बंगल्याचं काम सोडलं. कान्ह्याहून सासू येऊन आठ दिवस राहून गेली आणि जाताना पहिल्यांदाच तिला 'कस्तुराबाई' म्हणाली. वर्ष चांगलं गेलं. मैत्री मात्र खालीच राहिली होती. दुपारची कामं उरकली की कस्तुराबाई शमीमकडे उतरायची. नसीर घरात असला तर दारातूनच ओरडायचा, "या ड्रायव्हरीणबाई. जपून बसा, आमचा पत्रा अजून तिथंच आहे." तिला तापाने घेरलं होतं तेव्हा आठ दिवस शमीमने तिच्याकडे पेज नेली होती आणि तिचे केस विंचरून दिले होते.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात ते झालं.

दुपार कलली होती. लोणावळ्याचं धुकं यार्डात उतरलं होतं आणि बारीक पाऊस लागला होता. दत्तोबा इंजिनाने वाघिणी मागे ढकलत होता. नसीर रुळांशी उभा राहून हाताने खुणा करत होता. दोन वाघिणींमधली साखळी अडकली म्हणून त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच केले. त्याचा अर्थ थांब. मग तो साखळी सोडवायला आत शिरला. दत्तोबाला धुक्यात एक माणूस हात हलवताना दिसला. हात एक की दोन, ते दिसलं नाही. त्याला वाटलं, एक हात हलवून ये म्हणतोय. त्याने वाघिणी पुन्हा मागे रेटल्या.

नसीर दोन वाघिणींच्या बफरांमध्ये सापडला. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशी बसली. दत्तोबाने सांगितलं, मला थांबायची खूण दिसली नाही. साहेब म्हणाले, मग तुझे डोळे पुन्हा पाहू. त्या तपासणीच्या आदल्या रात्री कस्तुराबाई भाकऱ्या थापत होती. दत्तोबा भिंतीला टेकून बसला होता. चार दिवसांत त्याने दाढी केली नव्हती.

"उद्या तक्ता वाचायचाय," तो म्हणाला. "काय वाचू?"

"काय म्हंजी?"

"दिसतं ते वाचू, का तू शिकवलेलं वाचू?"

तिचे हात थांबले नाहीत. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. तिच्या डोळ्यांसमोर नसीर आला नाही, शमीमही आली नाही. आली ती कान्ह्याची खाचरं आणि बांधावर बसलेल्या जावा.

"शिकवलेलं वाचा."

"कस्तुरे..."

"तुमी खरं वाचल्यानं नसीर उठून बसनार हाय का? जेल व्हईल तुमाला. अन् मी कुटं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी दत्तोबाने शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मुंग्यांएवढी अक्षरंसुद्धा. मग चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, ड्रायव्हरची नजर उत्तम आहे, थांबण्याची खूण न देता मयत वाघिणींमध्ये शिरला, चूक मयताची. मयताचीच चूक, म्हणून बायकोला काही मिळणार नाही. खोली महिन्याभरात रिकामी करावी.

शमीमची इद्दत चालू होती. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईने घराचा उंबरा ओलांडायचा नसतो. पण महिना भरला आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. वलवणहून तिचा म्हातारा बाप बैलगाडी घेऊन आला. गाडीला चहूबाजूंनी चादरी बांधल्या. खोलीच्या दारापासून गाडीपर्यंत दोन बायका आणखी एक चादर धरून उभ्या राहिल्या, आणि तिच्या आडोशाने शमीम गाडीत चढली. कस्तुराबाई वरच्या ओळीच्या पडवीतून बघत होती. खाली जावं, चादरीचं एक टोक आपण धरावं असं तिच्या मनात आलं. पायऱ्या वीसच होत्या. ती उतरली नाही.

त्यानंतर फणी हातात धरणं तिला जमेना.

पहिल्या दिवशी तिला काही कळलं नाही. डोक्याला तेल लावलं, फणी उचलली आणि कानात 'ई' असा आवाज आला, दत्तोबाच्या आवाजात. तिने फणी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग हातातल्या बांगड्या बोलायला लागल्या. माळ्याला लावलेली शिडी दिसली की ती तोंड फिरवायची. डोळे मिटले की राखेतल्या ओळी एकाखाली एक उभ्या राहायच्या आणि ती त्या वाचत सुटायची, शेवटच्या ओळीपर्यंत, पुन्हा वरून. झोप उडाली. बांगड्या काढता येत नव्हत्या, नवरा जिवंत होता. फणी मात्र टाळता येत होती. ती केस तसेच गुंडाळून पदराखाली घ्यायला लागली.

दत्तोबा कामावर जातच होता. रजा मागितली असती तर लोकांना संशय आला असता. तो आता पावलापावलाला शिट्टी वाजवायचा. यार्डातली माणसं थट्टा करायची, "दत्तोबाला इंजिन नको, नुसती शिट्टी द्या." घरी आला की तो जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून निजायचा. एकदा ती म्हणाली, "आपन सांगून टाकू का?" तो तसाच पडून म्हणाला, "तू वाचायला लावलंस, मी वाचलं. सांगायचं तर तूच सांग. मी अडवत न्हाई." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

चार-पाच महिन्यांत तिच्या केसांचा गुंता घट्ट झाला. मानेवर एक जाड, तांबूस दोरखंड लोंबायला लागला. शेजारच्या लीलाबाईने एकदा तो पाहिला आणि हातातली घागर खाली ठेवून ती मागेच सरकली.

"अगं बया! जट आली तुमाला, कस्तुराबाई. देवीनं धरलंय."

"जट न्हाई ती. इंचरलं न्हाई मी."

"कसं इंचराल? तिनंच हात धरला असंल तुमचा."

बातमी दोन्ही ओळींत पसरली. मंगळवारी चार बायका हळदकुंकू घेऊन आल्या. पुढच्या मंगळवारी पंधरा. जट कापायची नसते, कापली तर घरधनी रक्त ओकून मरतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते तिला सांगितलं. कान्ह्याहून सासू आली. जी चिखलात उभं करून हिच्यावर ओरडली होती, तीच आता जड अंगाने खाली वाकली आणि हिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, चुकलंमाकलं पदरात घे." कस्तुराबाईने पाय मागे घेतले नाहीत. तिला त्या क्षणी काहीतरी वाटलं. ते समाधान होतं, हे तिला नंतर रात्री कळलं, आणि तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला.

एका मंगळवारी भर बायकांत ती उभी राहिली. "ऐका. नसीरची चूक नव्हती. यांना दिसत न्हाई लांबचं. मी तक्ता पाठ करून घेतला यांच्याकडनं. समदं मी केलं."

मग लीलाबाईने हात जोडले. "बगा, आईनं नसीरभाईलाबी पोटात घातलं. समद्यांचं पाप सोताच्या अंगावर घेती, माय माजी." कुणीतरी नारळ फोडला.

ती साहेबाच्या कचेरीतही गेली. हेडक्लार्कने तिची जट पाहिली आणि तो खुर्चीवरून उठला. तिने सगळं सांगितलं. फणी, बांगडी, राख, काही लपवलं नाही. त्याने मान हलवत ऐकून घेतलं, एक अक्षर लिहिलं नाही, आणि शेवटी हळूच विचारलं, "आई, माझी बदली पुण्याला होईल का?"

म्हणून ती वलवणला गेली. पायीच गेली. धरणाच्या बाजूने वारा सुटला होता आणि ती दर चार पावलांवर थांबत होती. कित्येक दिवस तिने पोटभर खाल्लं नव्हतं.

शमीम ओसरीत बसून चोळ्या शिवत होती. इद्दत कधीच संपली होती. तिने वर पाहिलं, सुई कापडात खोचली आणि म्हणाली, "ये भाबी. बस." तिची नजर जटेवर गेली. "हे काय करून घेतलंस? किती घाण झालेत केस."

इतक्या दिवसांत त्या केसांना घाण म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं. कस्तुराबाई खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. या खेपेला तिचा आवाज चढला नाही. शमीम ऐकत होती.

"मला ठाऊक होतं," ती अखेर म्हणाली.

"काय?"

"दत्तूभाऊला दिसत नाही ते. हे सांगायचे मला. म्हणायचे, लांबून खूण केली तर दत्तूभाऊला कळत नाही, म्हणून मी आपला जवळ जाऊन उभा राहतो. दुसरा कुणी सांधेवाला असला तर आपली पाळी बदलून घ्यायचे. कुणाला बोलू नकोस म्हणाले. भाबी आत्ता कुठं नळाचं पाणी पितेय, म्हणाले."

कस्तुराबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"त्या दिवशी पाळी त्यांची नव्हतीच," शमीम म्हणाली. "मला चौकशीत कुणी विचारलं नाही. मी पडद्यात होते. अन् तू वर होतीस. मला वाटलं, आज येईल, उद्या येईल. तू येऊन सांगशील."

"आता आले ना मी."

"मला कशाला सांगतेस? मला नवीन काय त्यात? कागदावर लिहिलंय, चूक मयताची. ते खोडून दे. मला पैसा नको, खोली नको. माझा माणूस बेपर्वाईनं मेला नाही, एवढं तिथं लिहून आण."

"गेले होते मी. कुनी ऐकत न्हाई गं. देवी बोलती म्हंतात."

शमीम उठली. आत जाऊन कापडाची कातर घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवली.

"मग काप. देवी जाऊ दे. डोकं झाकून साधी बाई होऊन जा साहेबासमोर. मी येते तुझ्याबरोबर, आत्ता येते. मी सांगेन यांनी काय सांगितलं होतं ते. दोघींचं ऐकतील."

कस्तुराबाईने कातर उचलली. ती जड होती. दुसऱ्या हाताने तिने जट मानेपासून पुढे ओढली. कापली तर दत्तोबा मरेल, हे तिच्या मनात आलं. त्यावर तिचा विश्वास होता की नाही, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. मग मंगळवार आठवला. पायांवर ठेवलेलं सासूचं पांढरं डोकं आठवलं. आणि हे देवीपण गेलं की खाली काय उरेल तेही दिसलं: टक्कल केलेली एक बाई, जेलमधल्या नवऱ्याची, जिला कान्ह्याला परत जायचंय. खाचरात. ती इतकी दमली होती की तिला वाटलं, आतलं ते वर राहायचं वेड कधीच मरून गेलं असेल. ते मेलं नव्हतं. ते तिथेच होतं, अगदी जागं.

तिने कातर खाली ठेवली.

"उद्या येते मी, शमीम. यांना इचारून येते."

शमीमने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून कापड पुन्हा मांडीवर घेतलं आणि खोचलेली सुई काढली. "ये," ती म्हणाली. "मी कुठं जाणार आहे?"

कस्तुराबाई परत निघाली. उद्या आपण येणार नाही, हे तिला फाटकापाशीच कळलं होतं. रस्त्याने लोणावळ्याच्या बाजारातून परतणाऱ्या बायका समोरून येत होत्या. त्यांतल्या दोघीतिघींनी तिला ओळखलं. त्यांनी डोक्यावरच्या पाट्या खाली उतरवल्या, चपला काढल्या आणि एकीने कनवटीची कुंकवाची पुडी सोडली.

ती थांबली. ती बाई ठेंगणी होती, तिचा हात कपाळापर्यंत पोचेना. तेव्हा कस्तुराबाईने मान थोडी खाली केली.